एक सोडून मोजा

सोमवारी बंडू वर्गात आला नाही. त्याच्याऐवजी त्याची आई आली, नलू, आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत दारातच उभी राहिली.

"बाई, बंडू आता यायचा नाही. मामंजींनी सांगितलंय."

"का गं? ताप आहे का?"

"ताप नाही." तिने मागे वळून जिन्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "कुणाला सांगू नका हं बाई. त्याचं डोकं लहान झालंय."

मी तीस वर्षं लहान मुलांत काढली आहेत. मुलांची डोकी तापलेली पाहिली, फुटलेली पाहिली, उवांनी भरलेली तर रोजच पाहिली. एकदा एक डोकं पितळी कळशीत अडकलं होतं, तेही साबण लावून सोडवलं. पण लहान झालेलं डोकं माझ्या पाहण्यात नव्हतं.

"किती लहान?"

"एक इंच," नलू म्हणाली आणि रडायलाच लागली.

आमचा शिशुवर्ग गिरगावात, चाळीच्या तळमजल्यावरच्या एका लांबट खोलीत भरायचा. मुलं बावीस, मी, आणि मदतीला जाईबाई. जाईबाई लालबागहून ट्रामने यायची. तिचा नवरा गिरणीत होता तो वारला, आणि तिने मुलांची नाकं पुसण्यात आपलं दुःख संपवलं. ती कोपऱ्यात मुलांचे पेले विसळत होती. नलूचं बोलणं तिने ऐकलं आणि हात तसाच पाण्यात ठेवून आपल्या मालवणीत विचारलं, "एक इंच? मगे तो इंच गेलो खंय?"

त्या आठवड्यात पुष्कळ शहाणपणाचे प्रश्न विचारले गेले. त्यांत खरा शहाणपणाचा एवढाच होता. आम्ही तो हसण्यावारी नेला.

नलू म्हणाली, "जुनी टेप कुठं सापडेना. म्हणून मामंजींनी शनिवारी भुलेश्वरातून नवी कोरी आणली, आणि काल सकाळी डोकं मोजलं. पंधरा दिवसांपूर्वी पावणेएकवीस होतं. काल पावणेवीस."

इथेच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पडला नाही. कारण माझं डोकंही त्याच जुन्या टेपने मोजलेलं होतं आणि चांगलं मोठं भरलं होतं. ते कसं, ते सांगते.

नलूचे सासरे मनमोहनराव तिसऱ्या मजल्यावर राहत. चाळीतलं सगळ्यांत जुनं बिऱ्हाड त्यांचं. तीन पिढ्या फोर्टातल्या कचेऱ्यांत, आणि तिन्ही पिढ्या हेडक्लार्क होऊन घरी बसलेल्या. मनमोहनराव निवृत्त झाले तेव्हा उघडायला फाइल उरली नाही. म्हणून त्यांनी नातवाची उघडली.

फोर्टातल्या फुटपाथवर त्यांना एक जुनं इंग्रजी पुस्तक मिळालं होतं. लहान मुलाचा मेंदू पहिल्या पाच वर्षांत झपाट्याने वाढतो, आणि मेंदू वाढतो तशी कवटी वाढते, असं त्यात लिहिलं होतं. ते खरंच आहे. शेजारी तक्ता होता: दुसऱ्या वर्षी डोक्याचा घेर एकोणीस इंच, चौथ्या वर्षी पावणेवीस. मेंदू कशाने वाढतो ते पुढच्या पानांवर असणार. पण ती पानं जुन्या पुस्तकांत असतात तशी कडेला जोडलेलीच होती, आणि मनमोहनरावांनी ती कापली नाहीत. तक्ता मिळाला होता. हेडक्लार्कला आणखी काय हवं?

ही गोष्ट छपन्न सालच्या दिवाळीनंतरची. बंडू तेव्हा नुकता दोन वर्षांचा झाला होता. मुंबई नव्या द्विभाषिक राज्यात ढकलली गेली होती आणि चाळीच्या कोपऱ्यावरचा कोंडीराम शिंपी सदरे बाजूला ठेवून काळे झेंडे शिवत होता. मनमोहनराव त्याच्याकडे टेप मागायला गेले, तेव्हा त्याने गळ्यातली आपली जुनी टेप काढून दिली. तिच्या टोकाला काळ्या कापडाचा बारीकसा तुकडा शिवलेला होता.

"न्या सायेब," मशीन न थांबवता कोंडीराम म्हणाला, "फक्त एक सोडून मोजा हां."

मनमोहनराव गहिवरले. वर येऊन त्यांनी सगळ्या मजल्यांना ऐकवलं, "शिंपी असून काय समज आहे बघा! एक सोडून मोजा म्हणाला. म्हणजे एक रविवार सोडून एक. मेंदूला मध्ये विसावा हवा. हे पुस्तकातसुद्धा नाही!"

त्याप्रमाणे एक रविवार सोडून एक अशी मोजणी सुरू झाली. पहिल्याच रविवारी बंडूचं डोकं वीस इंच भरलं. पुस्तकातल्या विलायती पोराचं एकोणीस आणि आमच्या बंडूचं वीस! मनमोहनरावांनी भिंतीवर तक्ता लावला. बंडूच्या बोलण्याचालण्यात काही वेगळं नव्हतं. तो चमचा कानात घालायचा आणि चपला तोंडात. पण आता त्या चपला चोखण्यालाही एक वजन आलं.

मग दुसऱ्या मजल्यावरची बेबी मोजून झाली. तिचंही डोकं तक्त्यापेक्षा इंचाने मोठं. मग शेजारचा शिवा. तोही इंचाने मोठा. रविवारी सकाळी तिसऱ्या मजल्यावर रांग लागू लागली. ज्याला पाढे येत नव्हते तोही इंचाने मोठा निघाला, आणि त्याच्या आईने मास्तरांना जाब विचारला. मोठी माणसंही लाजत लाजत डोकं पुढे करू लागली. मनमोहनरावांचं स्वतःचं पुरतं तेवीस भरलं होतं. मीही गेले. माझं बावीसच्या वर भरलं आणि दोन दिवस मला फार बरं वाटलं, हे लपवत नाही.

एवढ्या पुराव्यावर मनमोहनरावांनी सिद्धान्त मांडला. मराठी मुलाचं डोकं इंग्रज मुलापेक्षा जन्मतःच एक इंच मोठं असतं. चाळीत संयुक्त महाराष्ट्राची सभा झाली, तेव्हा ते स्टुलावर उभे राहिले आणि गरजले, "आमच्या पोरांची डोकी साहेबाच्या पोरांपेक्षा इंचाने मोठी! आणि हे म्हणतात, मराठी माणसाला मुंबई सांभाळता येणार नाही!" अशा टाळ्या त्या चौकात पुन्हा ऐकल्या नाहीत. त्यांनी वर्तमानपत्राला पत्रही लिहिलं. ते छापून आलं नाही. त्यामागे भांडवलदार आहेत असं त्यांचं मत होतं.

मात्र बंडू चार वर्षांचा होईपर्यंतच्या याच दोन वर्षांत ते त्याला रोज सकाळी पाटीवर वन, टू, थ्री गिरवायला लावत. पाचव्या वर्षी त्याला इंग्रजी शाळेत घालायचं ठरलं होतं. मनमोहनरावांना द्विभाषिक राज्य नको होतं, द्विभाषिक नातू हवा होता.

असो. मला त्या तक्त्याचा राग नव्हता, कारण तक्त्याने बंडूचं काही बिघडत नव्हतं. तो रोज दहा वाजता खाली यायचा. आमच्याकडे एक पसरट वाटी आणि एक उंच पेला आहे. बंडू वाटीतलं पाणी पेल्यात ओतायचा आणि ओरडायचा, "जास्त झालं!" मग पेल्यातलं वाटीत ओतायचा. "कमी झालं!" मग माझ्याकडे बघायचा. "का?" मी म्हणायचे, "पुन्हा ओतून बघ." तो पुन्हा ओतायचा. एका सकाळी त्याने ते पंधरा-वीस वेळा केलं, सदरा ओला केला, जाईबाईच्या शिव्या खाल्ल्या, आणि शेवटी कपाळाला आठ्या घालून तो पेल्याकडे नुसता बघत बसला. मुलाचं डोकं वाढताना डोळ्यांना दिसत असेल तर ते अशा वेळी. त्याला टेप लावता येत नाही.

आणि बंडूचे 'का' तर चाळीत प्रसिद्ध होते. कावळा का ओरडतो? ट्रामचा कंडक्टर दोरी का ओढतो? आजोबा सभेत ओरडतात तेव्हा त्यांना कोण मारतं?

तर हे मूल सोमवारपासून बंद झालं.

मंगळवारी मी वर गेले. खिडकीचा पडदा ओढलेला होता. बंडू खाटेवर उताणा निजलेला होता. डोक्यावर इतकं ब्राह्मीचं तेल घातलं होतं की उशीचा अभ्रा हिरवा झाला होता. हातात बदाम होता. तो त्याने खाल्ला नव्हता, नुसता धरला होता.

"या यशोदाबाई," मनमोहनराव म्हणाले. "तुम्हालाही खुलासा विचारायचाच होता."

त्यांनी रविवारपासून रीतसर चौकशी चालवली होती. नलूचा खुलासा घेऊन झाला होता: तिच्या माहेरी कुणाची डोकी लहान आहेत का? मुलगा शरदचंद्र, म्हणजे बंडूचे वडील, पेपर तोंडासमोर धरून बसला होता. त्याचाही खुलासा झाला असावा.

"तुमच्या वर्गात ती बाई पोरांशी मालवणीत बोलते," मनमोहनराव म्हणाले. "घरी मराठी, पाटीवर इंग्रजी, खाली मालवणी. कोवळा मेंदू. ओढाताण होऊन आकसला."

"मेंदू म्हणजे लोकरीचा स्वेटर आहे का, धुतल्यावर आकसायला?"

"थट्टा करू नका. आकडा आहे माझ्याकडे."

"पण मनमोहनराव, तुमच्या पुस्तकात चौथ्या वर्षाला पावणेवीसच लिहिलंय. बंडूचं पावणेवीस आहे. म्हणजे अगदी बरोबर आहे."

त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "विलायती पोर पावणेवीसपर्यंत चढतं, बाई. आमचं पावणेवीसपर्यंत उतरलंय. कचेरीत बढतीने त्या खुर्चीवर बसणं वेगळं आणि पदावनतीने बसणं वेगळं."

मग त्यांनी निकाल सांगितला. समुद्राची दमट हवा, उन्हातला खेळ, पोरांचा गोंगाट, सगळं बंद. बंडूला शनिवारी नाशिकला त्यांच्या बहिणीकडे धाडायचं. तिथली हवा कोरडी आणि घरात दुसरं पोर नाही. तिकीटही काढून झालं होतं.

"किती दिवसांसाठी?" मी विचारलं.

"गेलेला इंच परत येईपर्यंत."

स्वयंपाकघरात काहीतरी पडल्याचा आवाज झाला. नलूच्या हातून डबा सुटला होता.

"आणि हे बाहेर बोलू नका," मनमोहनराव दाराशी येऊन कुजबुजले. "सभेत मी काय बोललोय, तुम्ही ऐकलंय. हे कळलं तर उद्या विरोधक म्हणतील, मराठी डोकी उतरणीला लागली."

मी बंडूजवळ गेले. "बंडू, तो बघ कावळा ओरडतोय. का रे ओरडत असेल?"

तो छताकडे बघत म्हणाला, "माहीत नाही."

"मग विचार की."

"आजोबा म्हणतात, विचारलं की डोकं झिजतं."

जिना उतरताना मला माझ्या दुखऱ्या गुडघ्यांचीही आठवण राहिली नाही. एवढ्याशा पोराच्या डोक्यातला रस्ता एका वाक्याने बंद करता येतो, आणि तो पुन्हा उघडायला वर्षं लागतात. अशी मुलं मी पाहिली आहेत. ती मोठी होतात, नोकरी करतात, कुणाला काही विचारत नाहीत. त्यांतली बरीचशी हेडक्लार्क होतात.

बुधवारी मी पुन्हा गेले, गुरुवारीही गेले. दोन्ही वेळा मनमोहनराव शांतपणे तक्त्याकडे बोट दाखवत. तिथे एक रेघ डोंगरासारखी चढत गेली होती आणि शेवटी कड्यावरून पडली होती. गुरुवारी नलू बंडूचे कपडे ट्रंकेत भरत होती. लहान सदरे घडी करायची, पुन्हा उलगडायची, पुन्हा घडी करायची. बंडू ते बघत होता. तू कुठे चाललीस किंवा मी कुठे चाललो, असं त्याने विचारलं नाही. चार दिवसांपूर्वी त्याने नुसत्या ट्रंकेच्या कडीवर दहा प्रश्न विचारले असते.

शुक्रवारी वर्ग सुटल्यावर जाईबाईने चिंचोक्यांची पेटी उपडी केली. आम्ही मोजायला शिकवतो ते चिंचोक्यांनी. आधी हाताला एक कळतो, मग दोन कळतात, तोंडाला नंतर. चिंचोक्यांबरोबर एक लांब पट्टी बाहेर पडली.

"ह्यां काय? साप?" जाईबाई म्हणाली. "ही तर त्या म्हाताऱ्याची टेप. बंडूची ट्रामची दोरी. खिडकीच्या गजाक बांधून ओढत बसायचो तो, टण टण करून."

म्हणजे टेप हरवली नव्हती. कंडक्टरने डेपोत जमा केली होती.

"नेऊन द्या त्यांका," ती म्हणाली. "म्हणावं, आता ह्या टेपेन तुमचां डोकां मोजा. माझ्या सासऱ्याचां भोपळ्याएवढां होतां. अक्कल मात्र शोधूक लागायची."

मी टेप गुंडाळली आणि वर गेले. तीस वर्षं मुलांना मोजायला शिकवणारी मी. पण तीन जिने ती टेप हातात घेऊन चढले आणि एकदाही तिच्याकडे नीट पाहिलं नाही.

"सापडली!" मनमोहनराव म्हणाले. नवी टेप टेबलावर पसरून ठेवलेली होती. तिच्याशेजारी त्यांनी जुनी ठेवली.

बंडू खाटेवर उठून बसला. पाच दिवसांत त्याच्या तोंडावर पहिल्यांदा काहीतरी उमटलं. "माझी दोरी!"

"दोरी नाही, टेप. न विचारता नेली होतीस." पण मनमोहनरावांना पाहुण्यासमोर नातवाची परीक्षा घ्यायची हौस दाबता आली नाही. "बरं, उचल ती. आकडे वाच. बाईंना ऐकू दे."

बंडूने जुनी टेप मांडीवर घेतली, काळ्या कापडाच्या पुढे बोट ठेवलं आणि म्हणाला, "टू."

"सुरुवातीपासून."

"टू."

"बंडू, वनपासून म्हण."

"वन नाय."

मनमोहनरावांचा चेहरा उतरला. ते माझ्याजवळ सरकले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "बघितलंत? पंधरवड्यापूर्वी शंभरपर्यंत म्हणत होता. इंचाबरोबर वनही गेला."

नलू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिने डोळे मिटून घेतले.

बंडू मात्र खाटेवरून उतरला. तेलकट बोटांनी त्याने टेबलावरची नवी टेप ओढली. "वन," तो म्हणाला. "टू. थ्री." मग पुन्हा जुनी घेतली. "टू. थ्री." पुन्हा नवी. "वन." वाटी आणि पेल्यासमोर बसायचा तशाच आठ्या त्याच्या कपाळाला पडल्या. त्याने जुन्या टेपचं काळं टोक उलटून पाहिलं, नखाने खरवडलं, त्याखाली डोकावून पाहिलं. मग आजोबांकडे मान वर केली.

"ह्याचा वन कुठाय?"

त्याने टेप आजोबांच्या नाकासमोर धरली.

"ह्याला वन का नाय?" त्याचा आवाज चढला. "सगळ्यांना वन असतो! ह्याला का नाय? कुणी खाल्ला?" आणि तो खाटेखाली वन शोधायला शिरला.

मी चष्मा चढवला. मनमोहनरावांनी त्यांचा चढवला. काळ्या कापडाच्या शिवणीला लागून दोनाचं घर सुरू होत होतं. एक नव्हताच. कुणीतरी तो कापून, कडेला कापड लावून, नीट टीप मारलेली होती.

"कोंडीरामाला बोलवा," मनमोहनराव म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता.

शरदचंद्र पेपर ठेवून स्वतः गेला. कोंडीराम वर आला तो तोंडात टाचणी धरूनच. ती काढून त्याने सदऱ्याला टोचली आणि टेपकडे ओळखीने पाहिलं.

"ही होय. पहिला इंच झिजून फाटला होता सायेब, म्हणून कापून टाकला. झेंड्याचं कापड होतं, लावलं टोकाला."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की! म्हटलं, एक सोडून मोजा. वीस भरले तर एकोणीस धरा."

"मी एक सोडूनच मोजत होतो!" मनमोहनराव ओरडले. "दोन वर्षं! एक रविवार सोडून एक!"

कोंडीरामाने माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या तक्त्याकडे. "रविवार?" तो म्हणाला. "रविवार कशाला सोडायचा सायेब? मी तर इंच म्हणत होतो."

नलूने पदर तोंडात कोंबला. तरी तिचे खांदे हलत होते, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते कशाचं ते तिलाही सांगता आलं नसतं.

"तुमची टोपीसुद्धा ह्याच टेपेने बेतली होती," कोंडीराम समजूत घालत म्हणाला. "एक सोडून बावीस धरले. म्हणून तर बरोबर बसते. तेवीसची केली असती तर नाकावर आली असती."

मनमोहनरावांनी टोपी काढली, आत पाहिलं आणि पुन्हा घातली. एका क्षणात त्यांचं स्वतःचं, बेबीचं, शिवाचं, माझं आणि उभ्या महाराष्ट्राचं डोकं इंचाने उतरलं होतं. मला वाटलं, आता ते हसतील. निदान सुटकेचा श्वास तरी सोडतील. नातवाचा इंच सापडला होता ना!

ते खुर्चीत बसले आणि हताशपणे म्हणाले, "म्हणजे दोन वर्षं हे पोर साधंच होतं?"

"साधंच," मी म्हटलं. "दर वर्षी जेवढं वाढायचं तेवढं वाढणारं. आणि दिवसातून चाळीस वेळा 'का' म्हणणारं. ते तेवढं पाच दिवस बंद होतं."

मी त्यांच्याकडे ते पुस्तक मागितलं आणि नलूकडे सुरी. तक्त्यापुढची जोडलेली पानं कापली आणि त्यांच्या हातात दिली. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, नुसत्या डोक्याच्या घेरावरून मुलाची बुद्धी कळत नाही. पुढे होतं, मुलाशी बोलत राहावं, त्याच्या हाताला वस्तू द्याव्यात, त्याने विचारलेलं ऐकून घ्यावं, त्यानेच मेंदूची घडण होते. मनमोहनरावांनी दोन पानं वाचली आणि चष्मा काढला.

"लेखक इंग्रज आहे," ते म्हणाले. पण पुस्तक त्यांनी मिटलं नाही.

खाटेखालून बंडू बाहेर आला. डोक्याच्या तेलाला धूळ चिकटून तो एखाद्या पिशाच्चासारखा दिसत होता. "वन नाय सापडला," त्याने जाहीर केलं. मग आजोबांच्या गुडघ्याला धरून विचारलं, "आजोबा, तुम्हाला आधी का नाही दिसलं?"

मनमोहनरावांनी तोंड उघडलं. नातवाला त्यांच्याकडून नेहमी उत्तर मिळे, बहुधा चुकीचं, पण ताबडतोब. या वेळी त्यांनी तोंड तसंच मिटलं.

शरदचंद्राने खुंटीवरच्या कोटातून नाशिकचं तिकीट काढलं, चपला घातल्या आणि ते परत करायला निघून गेला. माझ्या माहितीत त्या घरात वडिलांना न विचारता त्याने केलेली ती पहिली गोष्ट. नलूने ट्रंक ओढली आणि सदरे बाहेर काढून खुंटीला लावू लागली.

सोमवारी दहा वाजता बंडू वर्गात हजर झाला. त्याने बाकीच्या एकवीसच्या एकवीस पोरांना सांगितलं, की चाळीत एक वन हरवलाय. त्या दिवशी आमच्याकडे दुसरं काही झालं नाही. पोरांनी पेट्या उपसल्या, गोण्या उपसल्या, आणि जाईबाईच्या केसांत वन आहे का तेही पाहिलं.

सभेत मनमोहनरावांनी आपला सिद्धान्त मागे घेतला नाही. कुणी विचारलं तर म्हणत, इंग्रजांच्या टेपाही एकदा तपासून घ्यायला हव्यात. रविवारची रांग मात्र बंद झाली.

त्यानंतरच्या रविवारी मी काही कामाने वर गेले. भिंतीवर जुना तक्ता नव्हता. त्याजागी नवा होता, आखीव, लाल शाईच्या मथळ्याचा: 'बंडूचे का.' वार, तारीख, आणि प्रत्येक प्रश्नाला एक उभी रेघ. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे प्रश्नांनी मेंदू घडतो, तेव्हा ते मोजले पाहिजेत, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. आता एकही दिवस सोडायचा नव्हता.

बंडू शेजारीच उभा होता. "आजोबा, तुम्ही रेघा का ओढता?"

मनमोहनरावांनी एक रेघ ओढली.

"आता का ओढली?"

त्यांनी दुसरी ओढली. तोवर तिसरी ओढायची वेळ आली होती.